कुठं पाहू ते सांग

गेल्या पावसाळ्यात दहा-बारा दिवस अहेरीला होतो. काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे हैदराबादहून करा नाहीतर अहेरीहून, कंपनीला फरक पडत नाही. फरक पडतो तो विजेमुळे. आलापल्लीच्या बाजूनं आभाळ भरून आलं की दिवे जातात, थोड्या वेळानं मोबाइलचं नेटवर्कही जातं, आणि मग सॉफ्टवेअर इंजिनिअर नावाच्या माणसाला घरात काही काम उरत नाही. अशा वेळी भाची तिची गणिताची चौकटीची वही घेऊन यायची. ताईचं सासर गावातच आहे, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

वहीत मी तिला चित्रकोडी आखून देत असे. एकदा ती अडली. "मामा, नाई जमत," म्हणत तिनं वही पुढं केली. मी पेन्सिल उचलली तशी तिनं वही झटकन मागं ओढली.

"मले सांगू नको. कुठं पाहू तेवढं सांग."

मी सातव्या आडव्या ओळीवर बोट ठेवलं. ती पाच मिनिटं त्या ओळीकडे बघत बसली, मग एक घर काळं केलं, मग दोन फुल्या मारल्या, आणि पुढची अर्धी वही मांडीवर घेऊन मला विसरून गेली.

तिनं मागितलेली मदत आणि मी देऊ केलेली मदत यांत जो फरक होता, त्याबद्दल मी तेव्हापासून विचार करतो आहे. हा लेख त्याविषयी आहे. पण त्याआधी हे कोडं काय असतं ते सांगायला हवं. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

दहा बाय दहाची चौकट घ्या. प्रत्येक आडव्या ओळीच्या डावीकडे आणि प्रत्येक उभ्या ओळीच्या डोक्यावर काही आकडे दिलेले असतात. 'तीन, चार' असे आकडे असतील तर त्या ओळीत कुठंतरी सलग तीन घरं काळी आहेत, मग किमान एक घर मोकळं, मग सलग चार काळी. कुठं, ते सांगितलेलं नसतं. सगळ्या ओळी जुळल्या की चित्र तयार होतं: मासा, छत्री, घर. सोडवायची पहिली युक्ती अगदी साधी आहे. समजा दहा घरांच्या ओळीला फक्त 'सात' हा आकडा आहे. ही सात घरं अगदी डावीकडे सरकवली तर ती पहिल्यापासून सातव्यापर्यंत येतात. अगदी उजवीकडे सरकवली तर चौथ्यापासून दहाव्यापर्यंत. म्हणजे काहीही झालं तरी चौथं ते सातवं ही चार घरं काळीच. 'तीन, चार' असेल तर दोन्ही मिळून मधल्या एका मोकळ्या घरासह आठ घरं लागतात, सरकायला जागा फक्त दोन घरांची. म्हणून तिसरं, सातवं आणि आठवं घर नक्की. बाकीच्यांबद्दल अजून काही बोलता येत नाही. जे नक्की आहे तेवढंच भरायचं, जे नक्की मोकळं आहे तिथं फुली मारायची, आणि आडव्या ओळीतून मिळालेली माहिती घेऊन उभ्या ओळीकडे जायचं. एवढाच खेळ.

हे कोडं जपानमधलं. नॉन इशिदा या ग्राफिक संपादिकेनं १९८७ मध्ये टोकियोतल्या एका स्पर्धेत उंच इमारतीच्या खिडक्यांमधले दिवे चालू-बंद ठेवून चित्रं काढायची कल्पना मांडली आणि त्यातून तिला हे सुचलं, असं सांगतात. साधारण त्याच काळात तेत्सुया निशिओ या कोडीकारानं स्वतंत्रपणे हेच शोधलं. जेम्स डॅलगेटी या इंग्रज माणसानं इशिदाच्या नावावरून त्याला 'नॉनोग्राम' म्हटलं आणि १९९० पासून ते लंडनच्या 'संडे टेलिग्राफ'मध्ये येऊ लागलं. १९९५ मध्ये निन्टेन्डोनं त्याचा व्हिडिओ गेम केला. आता ते प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. भाचीलाही ते तिच्या आईच्या मोबाइलवरच सापडलं होतं.

मोबाइलवरच्या खेळात तीन बदाम असतात. चुकीचं घर काळं केलं की ते लगेच लाल होतं आणि एक बदाम जातो. शिवाय एक दिव्याचं बटण असतं. ते दाबलं की एक घर आपोआप भरतं. बटणं संपली की तीस सेकंदांची जाहिरात बघायची, नवीन मिळतात. भाची सुरुवातीला पटापट कोडी सोडवायची. मी तिच्यामागे उभं राहून पाहिलं तेव्हा कळलं, ती ओळी वाचतच नव्हती. घर दाबून बघायची. लाल झालं तर शेजारचं. तीन बदामांत बरंच भागतं, आणि नाही भागलं तर जाहिरात आहेच. चित्र पुरं व्हायचं, फटाके उडायचे आणि तिला त्यातलं एकही घर का काळं आहे हे सांगता यायचं नाही. म्हणून मी चौकटीची वही काढली. कागद चूक लगेच सांगत नाही. तिसऱ्या ओळीत ठोकून दिलेलं घर नवव्या ओळीत, वीस मिनिटांनी, काहीच जुळेनासं करून टाकतं. तोवर नक्की कुठं चुकलं ते शोधणं अशक्य झालेलं असतं. सगळं खोडायचं. कागदावरचं हे खोडणंच माणसाला 'मला हे नक्की माहीत आहे का, की वाटतं आहे?' असं विचारायला शिकवतं.

इथपर्यंत मी शहाण्या मामासारखा बोललो. आता या शहाणपणाची किंमत कोणी मोजली ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी भाचीचा मोठा भाऊ पाचवीत होता. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होता. आमच्या जिल्ह्याचं नवोदय घोटला आहे, चामोर्शी तालुक्यात. तिथं सहावीला प्रवेश मिळाला की बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण याची काळजी नाही. इकडच्या घरांना ही परीक्षा किती मोठी वाटते ते शहरात सांगून समजत नाही. ऐंशी प्रश्न, दोन तास. त्यातले चाळीस प्रश्न निव्वळ आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, अपुरा चौकोन पूर्ण करा. आणि या परीक्षेला आयुष्यात एकदाच बसता येतं.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तो सराव प्रश्नपत्रिका कॅमेऱ्यापुढे धरायचा. "मामा, हे?" मी म्हणायचो, "क. बघ, बाण उजवीकडे फिरतोय." तो म्हणायचा, "हो हो, समजलं." पुढचा प्रश्न. मला घाई असायची, त्याला झोप यायची, आणि दोघांनाही आपण अभ्यास करतोय असं वाटायचं. घरी सोडवलेल्या पत्रिकांत त्याला चाळीसपैकी छत्तीस-सदतीस मिळायला लागले. माझ्या आईनं ते आकडे शेजारी-पाजारी सांगितले.

त्याची निवड झाली नाही. हजारो मुलं बसतात, ऐंशी घेतात. निवड न होण्याची शंभर कारणं असू शकतात. ती माझ्यामुळे झाली नाही असं म्हणणं हाही एक अहंकारच. पण त्या दिवाळीत गंमत म्हणून मी त्याला जुन्या पत्रिकेतली एक घडीची आकृती दाखवली. त्यानं आकृतीकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "हे ब. तूच सांगितलं होतं ना." उत्तर बरोबर होतं. मग मी एक साधा कागद घेतला, दोनदा घडी घातली, कोपऱ्यात भोक पाडलं आणि विचारलं, उघडल्यावर किती भोकं? तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तीन महिने मी त्याच्या चौकटीतली घरं भरत होतो आणि चित्र पूर्ण झालेलं पाहून आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

म्हणूनच भाची जेव्हा म्हणाली की मले सांगू नको, तेव्हा माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. कदाचित तिनं भावाचं पाहिलं असेल.

हैदराबादला परत गेल्यावर मी एका रविवारी नॉनोग्राम सोडवणारा प्रोग्राम लिहिला. नॉनोग्राम हा प्रकार सर्वसाधारण स्वरूपात अवघड आहे. उएदा आणि नागाओ या दोन जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की तो एनपी-कम्प्लीट या वर्गात मोडतो. म्हणजे चौकट वाढत गेली तरी हमखास झटपट सोडवील अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. पण माणसांसाठी केलेली दहा-पंधरा घरांची कोडी संगणकाला काहीच नाहीत. माझा प्रोग्राम शंभर ओळींच्या आत बसला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देऊ लागला.

मग मला वाटलं, भाचीसाठी याला फक्त 'कुठं पाहू' एवढं सांगायला लावावं. त्याला चार रविवार लागले, आणि अजूनही तो नीट जमत नाही. उत्तर काढायला कोडं माहीत असलं की पुरतं. सूचना द्यायला समोरच्याची वही माहीत असावी लागते: तिनं आत्तापर्यंत काय भरलं, त्यातलं काय बरोबर, आणि आहे त्या माहितीवरून पुढची सगळ्यात सोपी पायरी कोणती. त्याहून कठीण म्हणजे, तिला कोणती युक्ती येते आणि कोणती येत नाही. प्रोग्रामला जी ओळ सोपी वाटते ती दहा वर्षांच्या मुलीला दिसतच नाही. आणि तिनं आधीच कुठं चूक केली असेल तर पुढची कोणतीही सूचना खोटी ठरते, तेव्हा प्रामाणिक मदत एकच, "मागं जा." ते ऐकायला कोणालाच आवडत नाही.

यातून मला माझं तीन वर्षांपूर्वीचं वागणं नीट कळलं. उत्तर सांगणं हा दयाळूपणा वाटतो, पण बरेचदा तो आळस असतो. उत्तर मला माहीतच होतं, ते बोलून टाकायला काही लागत नव्हतं. भाचा नेमका कुठं अडला आहे हे शोधायला मात्र मला त्याच्या डोक्यात शिरून बसावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ मला द्यायचा नव्हता.

मग उत्तर न सांगता प्रश्न विचारत न्यावं का? या पद्धतीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण प्लेटोच्या 'मेनो' या संवादात आहे, आणि योगायोगानं तेही चौकोनाचंच आहे. सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम मुलाला बोलावतो, जमिनीवर दोन फूट बाजूचा चौकोन काढतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौकोनाची बाजू किती? मुलगा म्हणतो, दुप्पट, चार. पण मग क्षेत्रफळ चौपट होतं. मग म्हणतो तीन. तेही नऊ होतं, आठ नव्हे. मुलगा अडतो. तेव्हा सॉक्रेटिस चौकोनाचा कर्ण काढतो, एकेक प्रश्न विचारतो, मुलगा हो-नाही म्हणत जातो आणि कर्णावरचा चौकोन दुप्पट असतो इथपर्यंत पोचतो. सॉक्रेटिस मेनोला म्हणतो, पाहा, मी याला काही शिकवलं नाही, मी फक्त विचारलं.

शाळेत असताना हे वाचलं असतं तर भारावून गेलो असतो. आता मला तो कर्ण खटकतो. कर्ण मुलानं काढला नाही, सॉक्रेटिसनं काढला. सगळ्या कोड्यात अवघड घर तेवढं एकच होतं आणि ते भरलेलं मिळालं. पुढचे होकार हे माझ्या भाच्याच्या "हो हो, समजलं"सारखेच असू शकतात. तरीही मी सॉक्रेटिसला सरळ खोटा म्हणणार नाही, कारण त्यानं एक गोष्ट केली जी मी केली नव्हती: मुलाला आधी दोनदा चुकू दिलं, आणि 'चार' नाही, 'तीन' नाही हे त्याचं त्याला कळू दिलं. आपल्याला माहीत नाही हे मुलाला स्वतःला ठाऊक झालं, त्यानंतर कर्ण आला. मात्र एक गोष्ट त्या मुलाला शक्य नव्हती. तो गुलाम होता. "मला सांगू नका" असं तो म्हणू शकत नव्हता.

एवढा विचार करून मी दिवाळीत तयारीनं अहेरीला गेलो. यंदा भाची पाचवीत, परीक्षा तिची. मी ठरवलं होतं, एकही घर भरून द्यायचं नाही, कर्णही काढायचा नाही. तिच्यासाठी स्वतः एक कोडं केलं. दहा बाय दहा, खाली एक घर, मधोमध उतरतं छप्पर, आणि वर आभाळात दोन चांदण्या: डावीकडची जरा उंच, उजवीकडची जरा खाली.

घर तिनं वीस मिनिटांत सोडवलं. चांदण्यांपाशी अडली. वही घेऊन आली. मी म्हटलं, "वरच्या दोन ओळी पाहा." ती गेली. परत आली. "पाह्यल्या." मी म्हटलं, "नीट पाहा. सगळं तिथंच आहे." असं तीनदा झालं. तास उलटला. खोडून खोडून कागद वरच्या बाजूला फाटला. मी ठाम होतो, कारण या वेळी मी बरोबर वागत होतो. चौथ्यांदा ती आली नाही. आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. ताईनं जाऊन विचारलं तर म्हणाली, "मले येतच नाई. दादाले नाई आलं, मले पण नाई येत."

ताई बाहेर आली. वही माझ्यापुढे टाकून म्हणाली, "तू सोडवून पाह्यलं का रे सोता?"

मी सोडवून पाहिलं नव्हतं. मी ते बनवलं होतं. उत्तर माहीत असलेला माणूस कशाला सोडवील? पेन्सिल घेऊन बसलो आणि दोन मिनिटांत कानशिलं गरम झाली. पहिल्या ओळीत एक काळं घर, दुसऱ्या ओळीत एक काळं घर. उभ्या ओळींपैकी दुसरीत वर एक, नववीत वर एक. डावी चांदणी उंच आणि उजवी खाली असली तरी आकडे तेच, आणि उजवी उंच, डावी खाली असली तरी आकडे तेच. कोड्याला दोन उत्तरं होती. त्यातलं माझ्या मनातलं कोणतं हे चौकटीवरून कळायचा मार्गच नव्हता. एक मुलगी तासभर जे तिथं नव्हतंच ते नीट पाहत होती, आणि मी तिला आणखी नीट पाहायला सांगत होतो.

अशी दुहेरी उत्तरांची जागा कोड्यांत येतेच, जाणकार कोडीकार ती तपासतात. २०१५ च्या नाताळात ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेर संस्थेच्या प्रमुखांनी शुभेच्छापत्रावर पंचवीस बाय पंचवीस घरांचा नॉनोग्राम छापला होता. सुटला की क्यूआर कोड उमटायचा. त्यात काही घरं आधीच काळी करून दिली होती. जगातल्या हुशार लोकांना आव्हान देणाऱ्यांनीही जिथं आकडे पुरत नाहीत तिथं घरं भरून देण्यात कमीपणा मानला नाही.

तेव्हा मला कळलं की अडण्याचे दोन प्रकार आहेत आणि बाहेरून ते अगदी सारखे दिसतात. एकात सगळी माहिती माणसासमोर असते, त्याची नजर अजून तिथं पोचलेली नसते. दुसऱ्यात माहितीच कमी असते. पहिल्यात उत्तर सांगणं म्हणजे त्याचं काहीतरी काढून घेणं आहे. दुसऱ्यात उत्तर न सांगणं क्रूरपणा आहे, आणि वर 'स्वतः प्रयत्न कर' म्हणणं हा तर अपमान. भाच्याच्या वेळी मी पहिल्याला दुसरा समजलो. भाचीच्या वेळी दुसऱ्याला पहिला. आणि दोन्ही वेळा माझं उत्तर मला माहीत असणं हेच आड आलं. चित्र ज्याच्या डोक्यात आधीपासून आहे त्याला चौकटीत काय कमी आहे ते दिसत नाही.

स्वावलंबनाचे धडे देणारी माणसं बहुतेक अशीच, चित्र आधी पाहिलेली असतात. मीही त्यातलाच. आकृत्यांच्या प्रश्नांना दहा ठरावीक प्रकार असतात हे मला एका मोठ्या मुलाकडून कळलं होतं. मी ते डोक्यानं शोधलं नव्हतं. नागपूरच्या मुलाला शिकवणीत पहिल्याच दिवशी मिळणारा तो आकडा आमच्याकडच्या मुलाच्या चौकटीबाहेर छापलेलाच नसतो. मग तो अडतो, आणि आपण म्हणतो की इकडच्या मुलांचं आकृत्यांत डोकं चालत नाही.

आमच्याच जिल्ह्यात या दोन प्रकारांतला फरक फार नीट ओळखलेलं एक गाव आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेसाठी ते गाव आणि देवाजी तोफा यांचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे. त्या घोषणेइतकीच महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे तिथले अभ्यास गट. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्ते, जाणकार या गटांत यायचे, कायदा काय म्हणतो, जंगलाबद्दल काय माहीत आहे ते सांगायचे, वाद घालायचे. पण निर्णय ग्रामसभेत, गावातल्या लोकांचा, आणि तोही बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं. एकाला पटलं नाही तर थांबायचं. २००६ चा वनहक्क कायदा जंगलात बसून कोणी तर्कानं शोधून काढू शकत नाही. तो कोणीतरी सांगावाच लागतो. तो चौकटीबाहेरचा आकडा आहे. पण त्या आकड्यावरून आपल्या जंगलाचं काय करायचं, हे घर गावानंच भरायचं. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले. बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं. उशीर बराच झाला. पण एखादं घर का काळं आहे हे त्या गावात कोणालाही विचारलं तर सांगता येईल, अशा पद्धतीनं ते भरलं गेलं.

यावर एक आक्षेप मलाच सुचतो. आयुष्य म्हणजे कोडं नाही. बाबांना मोबाइलवर सातबारा काढून हवा असतो तेव्हा मी त्यांना 'कुठं पाहू' शिकवत बसत नाही, काढून देतो. दवाखान्यात डॉक्टरांनी मला सूचक प्रश्न विचारून माझ्या आजारापर्यंत नेऊ नये. मीही नोकरीत रोज मशीनकडून कोड लिहून घेतो, आणि अनेकदा मला फक्त चालणारा प्रोग्राम हवा असतो. चित्र हवं असेल तर चित्र मागण्यात पाप नाही.

हे खरं आहे. पण मग ठरवायचं कोणी, मला चित्र हवं की वाट? भाचीनं ते स्वतः ठरवलं आणि मला सांगितलं. भाच्याला मी ते ठरवू दिलं नाही. त्याला चित्र हवं आहे असं मी गृहीत धरलं, आणि दहा वर्षांच्या मुलाला झोप येत असताना चित्र नको असं तो कशाला म्हणेल? ठरवण्यासाठीही काहीतरी आधी कळावं लागतं: की हे घर पुढं माझ्याशिवाय, एकट्यानं, परीक्षेच्या हॉलमध्ये भरायची वेळ येणार आहे. ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं. मी त्याला द्यायला हवी होती ती माहिती ही होती.

आणि मशीनकडून कोड घेताना तरी मी खरोखर ठरवलेलं असतं का? दोन महिन्यांपूर्वी माझा कोड तपासताना एका वरिष्ठ सहकारी बाईंनी एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही अट इथं का आहे?" ओळ बरोबर होती. सगळ्या चाचण्या पास होत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. घडी घातलेल्या कागदाकडे न बघता भाचा माझ्याकडे कसा बघत होता, ते मला आतून कळलं. तेव्हापासून मी मशीनला काही विचारण्याआधी क्षणभर थांबतो आणि ठरवतो की आज काय हवं आहे. बहुतेक वेळा चित्रच हवं असतं. पण ते ठरवून मागितलेलं असतं.

चांदण्यांचं पुढं असं झालं. मी आतल्या खोलीत गेलो आणि भाचीला सांगितलं की कोडं चुकलंय, तू नाही. तिचा विश्वास बसला नाही. मोठी माणसं समजूत काढायला असं बोलतात हे तिला ठाऊक आहे. मग मी दोन चौकटी आखल्या, दोन्ही उत्तरं भरली आणि तिला आकडे मोजायला लावले. तिनं बोट ठेवून मोजले. दोन्हीकडे तेच. पुन्हा मोजले. मग ती माझ्याकडे वळून जोरात म्हणाली, "मंग एक चांदणी तू आधीच द्यायला पायजे होती!" हे तिला माझ्या आधी कळलं की कोडं सुटतं करायला काय कमी होतं.

परीक्षा हिवाळ्यात आहे. आम्ही आता कागदाला खऱ्याखुऱ्या घड्या घालतो. तिची निवड होईल का, मला माहीत नाही, आणि ती व्हावी म्हणून आईनं गणपतीला काय बोललं आहे तेही मी विचारत नाही. पण गेल्या महिन्यापासून ती स्वतः कोडी करायला लागली आहे. केलेलं कोडं आधी दादाला देते. तो आठवीत आहे, अहेरीतच, आणि त्याला यात भलताच रस आला आहे. कोड्याला दोन उत्तरं निघतात का ते शोधणं हे त्याचं काम. दोन वेळा त्यानं तिची चूक काढली. तिसरं कोडं पास करून त्यांनी परवा मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पंधरा बाय पंधरा. खाली दादाच्या अक्षरात लिहिलंय, 'तपासले आहे'.

मी अकराव्या ओळीत अडलो आहे. प्रोग्राम चालवला तर लगेच सुटेल. अजून चालवलेला नाही.